बंगाल मांजर : रंग व नक्षी यांची आनुवंशिकी

पाळीव मांजर (फेलिस कॅटस) व वाघाटी (प्रायोनेल्युरस बेंगालेन्सिस) यांच्या संकरापासून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत तयार करण्यात आलेल्या मांजराच्या वाणाला बंगाल मांजर म्हणतात. सोनेरी किंवा तांबूस पार्श्वभूमीवरील गडद ठिपके, कडा काळसर व मध्य फिकट असलेले पाकळीदार चट्टे किंवा संगमरवरी दगडातील रेषांसारखी वाहती नक्षी आणि उन्हात चकाकणारे आखूड, मऊ केस ही याची प्रमुख लक्षणे होत. वन्य पूर्वजाची कांती घरगुती मांजराच्या अंगावर उतरविणे हा या वाणाच्या निर्मितीमागील उद्देश होता आणि तो साध्य झाला आहे, असेच दीर्घकाळ मानले जात होते. अलीकडील संशोधनाने या समजुतीत मोठा फेरफार घडवून आणला आहे. ज्या लक्षणांमुळे हे मांजर रानटी वाटते, त्यांतील बरीचशी लक्षणे वन्य पूर्वजाकडून आलेली नसून ती पाळीव मांजरांतच होती, असे दिसून आले आहे.

वाघाटी दक्षिण, आग्नेय व पूर्व आशियात आढळते. भारतात ती हिमालयाच्या परिसरात, ईशान्येकडील राज्यांत व पश्चिम घाटात आहे. ‘वाघाटी’ हे घाटप्रदेशातील मराठी नाव एकोणिसाव्या शतकातील इंग्रज निसर्गवैज्ञानिकांनी आपल्या ग्रंथांत तसेच नोंदविले आणि फेलिस वागाटी हे या प्राण्याचे एक जुने शास्त्रीय नावही त्यावरूनच पडले. (काही भागांत तांबूस ठिपक्यांच्या लहान रानमांजरालाही हेच नाव लावतात व त्यामुळे घोटाळा होतो.) रॉबर्ट केर यांनी १७९२ मध्ये बंगालमधील प्राण्यावरून या जातीला फेलिस बेंगालेन्सिस असे नाव दिले. संकरज वाणाचे ‘बंगाल’ हे नाव या जातिनामावरून आले आहे. बंगालमधील घरगुती मांजरांशी त्याचा काही संबंध नाही. वाघाटी आकाराने साधारण मांजराएवढीच असून तिच्या अंगावरील ठिपके बहुधा भरीव असतात. ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखी आहे. वाघाटी व पाळीव मांजर यांचा शेवटचा समाईक पूर्वज सु. ६० लाख वर्षांपूर्वी होऊन गेला. दोहोंच्या कोशिकांत गुणसूत्रांच्या (आनुवंशिक लक्षणे वाहून नेणाऱ्या सूत्रासारख्या घटकांच्या) १९ जोड्याच असल्यामुळे त्यांचा संकर शक्य होतो. परंतु एवढ्या दीर्घ काळात पडलेले अंतर संकरज संततीत लपून राहत नाही.

पूर्वपीठिका : मांजराच्या केसांत दोनच रंगद्रव्ये असतात : काळे-तपकिरी यूमेलॅनीन व पिवळे-तांबूस फिओमेलॅनीन. रानमांजराचा एकेक केस निरखून पाहिल्यास त्यावर काळे व पिवळे पट्टे आलटून पालटून दिसतात. दक्षिण अमेरिकेतील अगूटी या कृंतक (कुरतडणाऱ्या) प्राण्याच्या नावावरून अशा केसांना अगूटी म्हणतात. अगूटी जनुकामुळे (आनुवंशिक लक्षण निश्चित करणाऱ्या घटकामुळे) तयार होणारे प्रथिन केसाच्या वाढीच्या ठराविक काळात यूमेलॅनिनाची निर्मिती थोपवून फिओमेलॅनिनाला वाव देते. या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असल्यास केस मुळापासून टोकापर्यंत काळा होतो व मांजर काळे दिसते. काळ्या मांजरातही नक्षी असतेच, फक्त ती काळ्यावर काळी असल्यामुळे दिसत नाही. कोवळ्या उन्हात काळ्या बोक्याच्या अंगावरील पुसट पट्टे अनेकांनी पाहिले असतील.

रंग कोणता आणि तो अंगावर कोठे, हे दोन प्रश्न वेगळे आहेत हे ध्यानी यायला वेळ लागला. फिनीअस व्हाइटिंग यांनी १९१८ मध्ये मांजराच्या रंगांच्या आनुवंशिकतेवर निबंध प्रसिद्ध केला व त्यात नक्षीच्या प्रकारांचाही विचार केला. उभे अरुंद पट्टे असलेली व इंग्रजीत बांगड्याच्या नावाने ओळखली जाणारी पट्टेरी नक्षी प्रभावी आणि रुंद वळणांची चट्टेदार नक्षी अप्रभावी, ही मांडणी तेव्हापासून रूढ झाली. लंडनचे रॉय रॉबिन्सन यांच्या ग्रंथांमुळे ती मांजरे पाळणाऱ्या हौशी लोकांपर्यंतही पोहोचली. नील टॉड यांनी १९७७ मध्ये निरनिराळ्या बंदरांतील मांजरांची मोजदाद करून चट्टेदार नक्षीचा प्रसार ब्रिटिश जहाजांच्या मार्गांशी जुळतो, असे दाखविले. ठिपक्यांचे कोडे मात्र या सर्व काळात सुटले नव्हते. पट्टे जागोजागी तुटून ठिपके होतात आणि त्यामागे अनेक जनुकांचा एकत्रित परिणाम असावा, एवढ्यावरच भागवावे लागे.

संकरणाचा इतिहास : वाघाटी व पाळीव मांजर यांच्या संकराचा उल्लेख हॅरिसन वीर यांच्या १८८९ मधील मांजरविषयक ग्रंथात आढळतो. पद्धतशीर प्रयत्न मात्र कॅलिफोर्नियातील जीन सग्डेन मिल (मृत्यू २०१८) यांनी केला. १९६३ मध्ये त्यांच्याकडील वाघाटीच्या मादीला काळ्या पाळीव बोक्यापासून एक मादी पिलू झाले. त्याचे नाव ‘किनकिन’ असे ठेवण्यात आले. आजच्या ज्ञानाच्या आधारे या पिलाच्या जनुकांविषयी एक गोष्ट सांगता येते. काळ्या बापाकडून अगूटीची निकामी प्रत व आईकडून वाघाटीची प्रत, असा त्याचा वारसा असला पाहिजे. हाच संयोग पुढे अर्धशतकानंतर संशोधकांच्या कुतूहलाचा विषय झाला. किनकिनलाही पिले झाली. परंतु पतीच्या निधनानंतर मिल यांनी हे काम थांबविले आणि तो वंश तेथेच संपला.

दुसरा टप्पा वैद्यकातून आला. विलर्ड सेंटरवॉल हे वैज्ञानिक १९७० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियात वाघाटी व पाळीव मांजर यांचे संकर करून मांजरांच्या रक्तार्बुदाला (विषाणुजन्य रक्ताच्या कर्करोगाला) होणाऱ्या प्रतिकाराचा अभ्यास करीत होते. पाळीव मांजराच्या जनुकसंचात रक्तार्बुदाच्या विषाणूशी साम्य असलेले अंश पूर्वापार आढळतात. वाघाटीत ते नाहीत. अभ्यासासाठी जन्मलेल्या या संकरज माद्यांपैकी काही १९८० मध्ये मिल यांना मिळाल्या आणि सध्याच्या बंगाल वाणाचा पाया तेथून घातला गेला. रानमांजरांच्या कातड्यांचा व्यापार त्या काळी तेजीत होता. घरातच बिबट्यासारखे मांजर वावरू लागले, तर तशा कातड्याचा कोट अंगावर घालण्यास माणूस धजणार नाही, अशी भूमिका मिल यांनी मांडली होती.

या वाणाच्या इतिहासात दिल्लीलाही स्थान आहे. १९८२ मध्ये मिल भारतात आल्या असता दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात गेंड्याच्या आवारात वावरणारे एक ठिपकेदार मांजर त्यांना दाखविण्यात आले. ते पिंजऱ्यातील प्राणी नव्हे, तर परिसरातील बेवारशी मांजर होते. मिल यांनी ते अमेरिकेत नेले. ‘मिलवुड टोरी ऑफ डेल्ही’ या नावाने नोंदविलेला हा बोका असंख्य बंगाल मांजरांच्या वंशावळीत आढळतो आणि केसांची विशिष्ट चकाकी त्याच्याकडूनच आली, असे या वाणाचे पैदासकार सांगतात. ईजिप्शियन मौ इ. वाणांचाही उपयोग करण्यात आला. आंतरराष्ट्रीय मांजर संघाने १९८६ मध्ये बंगालला नवे वाण म्हणून व १९९१ मध्ये अजिंक्यपदाच्या स्पर्धांसाठी मान्यता दिली. कॅट फॅन्सिअर्स असोसिएशन या जुन्या संस्थेने ती २०१६ पर्यंत दिली नव्हती.

पाळीव बोक्यांची एवढी गरज का पडली, याचे उत्तर संकरज नरांच्या वंध्यत्वात आहे. दोन जातींच्या संकरात एकाच लिंगाची संतती दुबळी किंवा वंध्य निपजल्यास ती बहुधा असमान लिंगसूत्रे (स्तनी प्राण्यांत नरातील क्ष व य) असलेल्या लिंगाची असते, हा नियम जे. बी. एस. हॉल्डेन (पुढे भारतात स्थायिक झालेले) यांनी १९२२ मध्ये मांडला. वाघाटीच्या संकरात साधारणपणे पहिल्या तीन पिढ्यांतील बोके वंध्य असतात. त्यामुळे प्रत्येक पिढीत संकरज मादीला पाळीव बोका द्यावा लागतो व वाघाटीचा वाटा निम्म्याने घटत जातो : पहिल्या पिढीत ५० टक्के, दुसरीत २५, तिसरीत १२·५ व चौथीत ६·२५. चौथ्या पिढीपासून पुढे बंगाल मांजरांचे आपापसांत प्रजनन सुरू होते. तेव्हा आजच्या बंगालमध्ये सु. ६ टक्के वन्य वारसा असावा, हा हिशेब कागदावर बरोबर होता.

रंग : बंगालचा सर्वसामान्य रंग तपकिरी असून त्यात फिकट वाळूच्या छटेपासून गडद तांबूस छटेपर्यंतचे प्रकार दिसतात. यांखेरीज ‘हिम’ म्हणून ओळखले जाणारे फिकट प्रकार लोकप्रिय आहेत. हिमबिबट्याची आठवण करून देणाऱ्या या रंगाचा हिमबिबट्याशी वा वाघाटीशी संबंध नाही. तो सयामी व ब्रह्मी मांजरांकडून आला आहे. यूमेलॅनिनाच्या निर्मितीत टायरोसिनेज या एंझाइमाची (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाची) आवश्यकता असते. सयामी मांजरातील टायरोसिनेज उत्परिवर्तनामुळे (जनुकात झालेल्या बदलामुळे) उष्णतेने निष्क्रिय होते व केवळ अंगाच्या थंड भागांत, म्हणजे नाक, कान, पंजे व शेपूट येथे, कार्य करू शकते. गर्भाशयाच्या उबेत वाढलेली पिले म्हणूनच जन्मतः पांढरी असतात. एन. ए. इल्यिन व व्ही. एन. इल्यिन यांनी या रंगावरील तापमानाच्या परिणामाचे प्रयोग १९३० मध्येच प्रसिद्ध केले होते. ब्रह्मी मांजरातील बदल याच जनुकातील पण सौम्य स्वरूपाचा आहे. बंगालमध्ये दोन्ही प्रती सयामी असल्यास निळ्या डोळ्यांचे सर्वांत फिकट मांजर, दोन्ही ब्रह्मी असल्यास सर्वांत गडद हिम आणि एकेक असल्यास मधली छटा मिळते.

रुपेरी रंग फिओमेलॅनीन दाबून टाकणाऱ्या एका प्रभावी जनुकामुळे येतो. निळसर करडा रंग रंगद्रव्याचे कण केसात नीट न पसरल्यामुळे येतो. काळी बंगाल मांजरे वर सांगितलेल्या निकामी अगूटी जनुकामुळे होतात. मांजरातील हे उत्परिवर्तन, म्हणजे डीएनएमधील केवळ दोन घटकांचा लोप, एदुआर्दो एइझिरिक व त्यांचे सहकारी यांनी २००३ मध्ये दाखविले. हे सर्व रंग पाळीव मांजरांकडून आलेले आहेत.

याला महत्त्वाचा अपवाद ‘कोळसा’ रंगाचा आहे. काही बंगाल पिले राखट-काळपट रंगाची, तोंडावर गडद मुखवटा व पाठीवर झूल घातल्यासारखा काळा पट्टा घेऊन जन्मत. काळी व तपकिरी यांच्यामधील हा प्रकार मेंडेलप्रणीत साध्या गणितात बसत नव्हता. २०१४ मध्ये लेस्ली लायन्स यांच्या गटाने या मांजरांच्या अगूटी जनुकाचा तपास केला, तेव्हा बहुतेकांत एक प्रत वाघाटीची व दुसरी पाळीव मांजराची निकामी प्रत असल्याचे आढळले. किनकिनच्या वारशात याच दोन प्रती एकत्र आल्या असल्या पाहिजेत.

नक्षी : ठिपकेदार व संगमरवरी असे बंगालच्या नक्षीचे दोन प्रकार मानतात. सर्व नक्षी एकाच जनुकाच्या पर्यायी रूपांमुळे होते, ही जुनी मांडणी २०१० मध्ये एइझिरिक व इतरांच्या संशोधनाने मोडली. पट्टेरी व चट्टेदार हा भेद एका गुणसूत्रावरील जनुकामुळे, तर अबिसिनियन मांजराप्रमाणे अंगावर नक्षीच न उमटणे हे दुसऱ्या गुणसूत्रावरील जनुकामुळे होते, असे दिसून आले. पहिले जनुक २०१२ मध्ये क्रिस्टोफर केलिन, ग्रेगरी बार्श व त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधून काढले व त्याला टॅकपेप असे नाव आहे. त्याच्या दोन्ही प्रती सदोष असल्यास पट्टे रुंदावून वळणे घेतात. बंगालची संगमरवरी नक्षी हीच होय. विशेष म्हणजे आफ्रिकेतील ‘राजचित्ता’ याच जनुकातील बिघाडामुळे निपजतो. रेजिनल्ड पोकॉक यांनी १९२७ मध्ये या चित्त्याला स्वतंत्र जाती म्हणून नाव दिले होते. चट्टेदार नक्षीला कारणीभूत होणारे उत्परिवर्तन प्राचीन मांजरांच्या अवशेषांत आढळत नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार पश्चिम आशियातील चौदाव्या शतकाच्या अवशेषांत ते प्रथम दिसते. म्हणजे ‘जंगली’ म्हणून मिरविणारी संगमरवरी नक्षी माणसाच्या वस्तीत वाढलेल्या मांजरांची, आणि तीही अवघ्या काही शतकांपूर्वीची आहे.

नक्षी मुळात उमटते कशी, याचा उलगडा त्याच गटाने २०२१ मध्ये केला. गर्भात केसांची मुळेही दिसू लागलेली नसताना त्वचेत जाड व पातळ पट्टे निर्माण होतात. जाड भागातील कोशिकांत डीकेके-४ हे जनुक कार्यरत असते आणि पुढे त्याच जागी गडद केस येतात. रंगद्रव्य बनविणाऱ्या कोशिका नंतर येतात; आधी आखून ठेवलेल्या जागा त्या केवळ रंगवितात, असे म्हणता येईल. एकमेकांना चालना देणाऱ्या व आवर घालणाऱ्या दोन रासायनिक द्रव्यांच्या विसरणातून (पसरण्यातून) पट्टे व ठिपके आपोआप निर्माण होऊ शकतात, हे ॲलन ट्यूरिंग या गणितज्ञांनी १९५२ मध्ये कागदावर सिद्ध केले होते. मांजराच्या गर्भाची त्वचा हे त्याचे बोलके उदाहरण ठरले. या संशोधनासाठी मुद्दाम मांजरे मारण्यात आली नव्हती. भटक्या माद्यांच्या निर्बीजीकरण शस्त्रक्रियांत मिळालेले गर्भ वापरण्यात आले होते.

जनुकसंचाची तपासणी : २०२४ मध्ये केलिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ९४७ मांजरांच्या डीएनएचे विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यापूर्वी २०२१ मध्ये पहिल्या पिढीच्या एका संकरज मांजरापासून वाघाटी व पाळीव मांजर या दोहोंचे संपूर्ण जनुकसंच वेगवेगळे जुळविण्यात आले होते. त्यामुळे कोणता तुकडा कोणाचा, हे ओळखणे सुकर झाले होते. बंगालमध्ये वाघाटीचा वाटा सरासरी ३·४८ टक्के, म्हणजे वंशावळीच्या हिशेबाहून बराच कमी निघाला. हे तुकडे सर्व मांजरांत एकाच ठिकाणी नसून विखुरलेले होते. सर्व मांजरे एकत्र धरल्यास जनुकसंचाचा ९३ टक्के भाग त्यांनी व्यापलेला दिसतो. पैदासकारांनी चाळीस वर्षे वाघाटीचेच गुण निवडले असते, तर ठराविक ठिकाणी वाघाटीचे तुकडे जवळजवळ सर्व मांजरांत सापडावयास हवे होते. तशी निवडीची ठळक खूण वाघाटीच्या तुकड्यांत एकंदरीत दिसली नाही. उलट, रंग व नक्षी यांच्याशी संबंधित असू शकतील अशा ज्या भागांत कडक निवडीच्या खुणा होत्या, तेथे पाळीव मांजराचे तुकडे होते. पैदासकार रानाचा वारसा निवडतो आहे असे समजत होते, पण त्यांच्या हाती घराचाच वारसा लागत होता. वाघाटीचे ठिपके भरीव असताना बंगालवर जॅग्वार किंवा ऑसेलॉटसारखे पाकळीदार चट्टे कसे आले, ही जुनी शंका या निष्कर्षाच्या प्रकाशात पाहिली पाहिजे.

केसांच्या चकाकीचे मूळही याच संशोधनात सापडले. ती एफजीएफआर-२ या जनुकाचे कार्य मंदावल्यामुळे येते. या बदलामुळे केसाची घडण व त्यावरून होणारे प्रकाशाचे परावर्तन बदलते आणि तो बदल पाळीव मांजराचा आहे. दिल्लीच्या बोक्याविषयी पैदासकार जे सांगत आले, त्याच्याशी हा निष्कर्ष सुसंगत आहे. गेंड्याच्या आवारातील बेवारशी मांजराने या वाणाला वाघाटीहून कमी दिले, असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

दोन रंगलक्षणांत मात्र वाघाटीची जनुके निवडली गेली आहेत : कोळशाचा रंग व फिओमेलॅनिनाची तीव्रता. परंतु ती ज्या प्रकारे परिणाम घडवितात तो प्रकार अनपेक्षित आहे. वाघाटीचे अगूटी जनुक तिच्या स्वतःच्या शरीरात सोनेरी कांती देते. तेच पाळीव मांजराच्या जनुकसंचात गेले की मंदावते व काळपट छटा येते. या जनुकांना चालू-बंद करणारी यंत्रणा ६० लाख वर्षांत दोन्ही जातींत वेगवेगळी झाली असून परक्या यंत्रणेच्या हाती ती नीट चालत नाहीत. म्हणजे कोळशाचा रंग हे वाघाटीचे लक्षण नसून दोन जातींच्या न जुळणाऱ्या वारशाचे लक्षण आहे. नरांच्या वंध्यत्वाच्या मुळाशीही दोन जातींमधील असाच बेबनाव असतो.

थोड्या मूळ प्राण्यांपासून वाढविलेल्या इतर वाणांप्रमाणे बंगालमध्येही आनुवंशिक विकार आहेत. त्यांपैकी लहान वयात दृष्टी घालविणारा दृष्टिपटलाचा ऱ्हास केआयएफ-३बी या जनुकातील अप्रभावी बदलामुळे होतो, असे २०२० मध्ये निश्चित झाले. पैदाशीपूर्वी डीएनएची चाचणी करून तो टाळता येतो. रंग व नक्षी यांच्या चाचण्याही व्यापारी प्रयोगशाळांत होतात.

काही पैदासकार आजही नव्याने वाघाटीशी संकर घडवून आणतात. पहिल्या पिढ्यांतील मांजरांना किंमत मोठी येते, पण ती घरात रुळणे कठीण असते. अनेक ठिकाणी अशी मांजरे पाळण्यावर निर्बंध आहेत. भारत, बांगला देश व थायलंड येथील वाघाटीचा समावेश वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या पहिल्या परिशिष्टात असल्यामुळे तिचा व्यापारी हेतूने होणारा आंतरराष्ट्रीय व्यापार निषिद्ध आहे. भारतात ती वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिला पकडणे, पाळणे किंवा संकरासाठी वापरणे हा गुन्हा ठरतो. घरगुती मांजरे रानात शिरल्यास ती रानमांजरांना रोग व स्पर्धा यांमुळे उपद्रव देऊ शकतात, त्यामुळे घाटातील वस्त्यांजवळच्या मांजरांचे निर्बीजीकरण वाघाटीच्या दृष्टीनेही उपयुक्त ठरते.